कट रचा, पण वेळेवर या!

डिस्कॉर्ड या चॅट-ॲपवर म्हणे दरबार! राजा, वजीर, सेनापती अशा भूमिका घेऊन आम्ही कटकारस्थानांचा खेळ खेळतो. आठवडाभर मी फितुरीचे खलिते लिहायचे आणि शनिवारी रात्री सेनापती कुठे? सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये! महाराणीकडे लाइट गेलेत. राजाला विष दिलं, तर स्वारी खरीखुरी रुसते: "माझ्यावर पर्सनल राग आहे का रे?" अरे, राजकारण खेळायला आलास ना? मग काय पाटावर बसवून ओवाळू? गुप्त कट तर जगजाहीर, कारण वजीर आणि त्याचा हाडवैरी कोथरूडात रूममेट! (मॅगीसुद्धा एकाच पातेल्यातली.) तिकडे 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये २००९ साली एका फितुरानं 'बँड ऑफ ब्रदर्स' ही खेळाडूंची बलाढ्य आघाडी आतूनच बरखास्त केली. आमच्याकडे? अडीच तास मसलत, ठराव एकच: पुढच्या शनिवारी बघू.