तोफा उडतात, आवाज नाही

मूकपट बघायला काय लागतं, नुसतं बसायचं तर असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवारी संध्याकाळी, घरच्यांना सोबत घेऊन, तो बघून दाखवावा.

मला १९२६ चा 'ओल्ड आयर्नसाइड्स' भयंकर आवडतो. दिग्दर्शक जेम्स क्रूझचा. यूएसएस कॉन्स्टिट्यूशन नावाची अमेरिकेची लढाऊ नौका, उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीचे चाचे, शिडं, दोरखंड, समुद्रावर जायला निघालेला एक भोळा पोरगा, त्याला फसवून भलत्याच व्यापारी जहाजावर चढवणारा वॉलेस बीरी (हा माणूस नुसता हसला तरी पडदा भरतो), आणि अर्थात एक मुलगी, कारण मुलगी नसेल तर जहाज तरलं काय बुडालं काय, प्रोड्यूसरला सारखंच.

अडचण अशी की आमच्याकडे टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. आई मेथी निवडते, हिची कणीक चाललेली असते, चिरंजीव मोबाईलमध्ये, आणि तरीही सिरीयलमधलं एक वाक्य कोणाचं चुकत नाही कारण तिथे प्रत्येक गोष्ट तीनदा बोलतात. मूकपटात मान खाली घालून एक काडी खुडली की पडद्यावरची संवादाची पाटी गेली. "काय म्हणाला गं तो?" "मला काय माहीत, मी पोळपाट शोधत होते." "मागे घे रे जरा." मागे घेतलं की चिरंजीव कुरकुरणार, म्हणून शेवटी मीच पाट्या मोठ्याने मराठीत सांगत बसलो. पूर्वी आपल्याकडे थेटरात पाट्या वाचून दाखवणारे असायचे म्हणे, पण त्यांना निदान मध्येच कोणी गॅस बारीक करायला उठवत नसणार.

चिरंजीवांनी रिमोट घेऊन स्पीड दीडपट केला. मी ओरडलो तर म्हणे आवाजच नाही तर तुम्हाला कळलं कसं? आता याला काय सांगणार की तेव्हा कॅमेरे हाताने फिरवायचे, वेग कमीजास्त व्हायचा, आणि पुढे तेच चित्रपट बोलपटाच्या वेगाने दाखवले म्हणून जुनी माणसं कायम लोकल सुटल्यासारखी धावताना दिसतात. सांगितलं, पण तोवर ती मुलगी पकडली गेली होती.

मग आईने मुद्द्याला हात घातला. "यातले आपले कोण?"

म्हटलं आपले कोणीच नाहीत, हे अमेरिकन, ते ट्रिपोलीचे. चाचे जहाजं पकडायचे, खलाशांना गुलाम करायचे, खंडणी घ्यायचे, अमेरिकाही निमूट देत होती, शेवटी १८०१ मध्ये युद्धच पेटलं. १८०३ मध्ये फिलाडेल्फिया नावाची त्यांची नौका ट्रिपोलीजवळ खडकाळ उथळ पाण्यात रुतली आणि शत्रूच्या हाती लागली, तर फेब्रुवारी १८०४ मध्ये डिकेटर नावाचा तरुण लेफ्टनंट रात्री मूठभर माणसं घेऊन, शत्रूकडूनच पकडलेल्या गलबतातून बंदरात शिरला आणि ती पेटवून परत आला. आई एकदम खूश. "म्हणजे गनिमी कावा! मग हेच आपले." तेवढ्यात मी सहज म्हटलं की इंग्रज तर आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायचे. झालं! आईने मेथीची परात बाजूला ठेवली आणि तिथल्या तिथे पक्ष बदलला. पुढचा अर्धा तास जहाज बुडालं की "कोणाचं?" हा प्रश्न, आणि अमेरिकेचं असेल तर समाधान.

खरं सांगायचं तर आईचं अगदीच चूक नव्हतं. या सिनेमातले चाचे म्हणजे नुसती वाकडी तलवार आणि डोळे वटारणं, त्यांना घरदार असेल असं वाटतच नाही. (त्यांच्याच गर्दीत बोरिस कार्लोफ हा नट आहे, 'फ्रँकेन्स्टाईन' सिनेमातल्या राक्षसामुळे गाजायच्या आधीचा, तो दाखवायला मी पॉज केलं तेव्हा कोणीच दाद दिली नाही.) पण समुद्र मात्र खरा हो! कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ खरी जहाजं नेऊन शूटिंग केलंय. खलाशी दोरांच्या शिडीवरून सरसर चढतात, आडव्या वाशावर पोट टेकून लोंबकळत शीड सोडतात, ते आधी लुळं पडतं आणि मग वारा भरला की टच्च फुगतं, बास, तेवढ्यासाठी मी बाकीचा देशभक्तीचा ढोल माफ करतो. न्यूयॉर्कच्या रिव्होली थेटरात पहिला खेळ झाला तेव्हा जहाज समोरून येताना खास लेन्सने चित्रच मोठं मोठं करत नेलं होतं, मॅग्नास्कोप म्हणायचे त्याला. आमच्याकडे मी उठून टीव्हीला नाक लावून बसलो, तोच मॅग्नास्कोप. "समोरून हो," ही म्हणाली.

शेवटी जहाजाच्या बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडाल्या, धूरच धूर, आवाज शून्य, आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली. आख्ख्या सिनेमात सगळ्यांनी एकत्र टाळ्या वाजवल्या त्या याला.

नंतर जेवताना सांगत होतो की सिनेमातली कॉन्स्टिट्यूशन म्हणजे नटवलेलं जुनं व्यापारी जहाज, खरी तेव्हा बोस्टनला कुजत पडली होती आणि शाळेतली पोरं तिच्यासाठी पेनी पेनी जमवत होती. आयर्नसाइड्स, म्हणजे लोखंडी बाजूंची, हे तिचं टोपणनावसुद्धा नंतरचं, १८१२ च्या लढाईत ब्रिटिशांचे गोळे तिच्या ओकच्या लाकडावरून उडून पडले म्हणून. १७९७ ची नौका, अजून बोस्टनला तरंगतेय.

"ओक कशाला, साग घ्यायचा ना," आई.

मी तर याची वाटच बघत होतो! म्हटलं आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाचीच बांधली होती की ब्रिटिशांसाठी, त्यातली १८१७ ची ट्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय, जा आणि बघा.

"मग तिच्यावर काढा की सिनेमा."

"काढला," चिरंजीव मोबाईलमधून मान न काढता म्हणाले, "तरी प्लीज बोलका काढा."