पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून मूल आपोआप वडिलांचे होत नाही

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने परवा रात्री फोन करून विचारले, "दादा, बुधवारनंतर याला शाळेत पाठवू की नको?" बुधवारी तिच्या मुलाला पाच वर्षे पूर्ण होतात, तिच्या घटस्फोटाचा अर्ज कुटुंब न्यायालयात प्रलंबित आहे, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी 'विभक्त पालकांसाठी कायद्याचे चार नियम' असा संदेश टाकला आहे. त्यातला पहिला नियम असा की, मूल पाच वर्षांचे झाले की ताबा आपोआप वडिलांकडे जातो आणि ते त्याला कुठूनही नेऊ शकतात. मी वकील नाही. परंतु ज्या कायद्याचा हवाला दिला, तो संदेशकर्त्याने एकदा उघडून तरी पाहायला हवा होता.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये पाच वर्षांचा उल्लेख आहे, एवढे मान्य करणे भाग आहे. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, या वयाबाबत ते कलम इतकेच सांगते. त्यानंतर तो वडिलांकडे जावा, असे त्यात एका शब्दानेही म्हटलेले नाही. उलट त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वोपरी मानते, आणि 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते. (1956 चा हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, हे नागपुरात मुद्दाम सांगावे लागते.)

या थापेला बळ मिळते ते एका अर्धसत्यामुळे. न्यायालयाचा मनाई करणारा आदेश नसताना वडिलांनी स्वतःचे मूल आईकडून नेले, तर त्यांच्यावर अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये म्हटले आहे. पण गुन्हा होत नाही याचा अर्थ ताब्याचा हक्क मिळाला असा लावणे ही शुद्ध लबाडी आहे. ताबा कोणाकडे राहावा हे न्यायालयच ठरवते. बहिणीच्या भीतीवर शाळा बंद करणे हा उपाय नाही. घटस्फोटाचा अर्ज चालू असतानाच हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली ताब्याचा अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो अर्ज बुधवारची वाट न पाहता दाखल करावा, असे मी तिला सांगितले.

कमावत्या आईला मुलाचा खर्च मागता येत नाही, हा दुसरा नियम. त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात आहे, आणि ते प्रकरण याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेले होते. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी त्यात स्पष्ट केले की, पत्नी कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे वडिलांनी उचलावा, आणि आईची कमाई पुरेशी असल्यास तो दोघांत प्रमाणात वाटला जाऊ शकतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, हेही त्याच निकालातले.

पोटगी थकली तर वडिलांची भेट बंद करावी, हा तिसरा नियम आईच्या बाजूचा वाटतो, पण तोही चूकच. भेट हा मुलाचाही हक्क आहे. थकबाकीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करता येतो.

राहिला चौथा नियम: पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर फारकतनामा केला की घटस्फोट होतो. एखाद्या समाजात रूढीने सोडचिठ्ठी चालत असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाचे कलम 29 ती वाचवते, हे खरे. मात्र तशी रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. इतरांसाठी परस्परसंमतीचा मार्ग त्याच कायद्याच्या कलम 13-ब चा आहे, ज्यात किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि अर्जानंतर थांबण्याची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते. नोटरीचा शिक्का पाहून दुसरे लग्न करणाऱ्याचे पहिले लग्न कायद्याच्या दृष्टीने अजून टिकून असते, आणि दुसरे लग्न हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरतो.