सूर्य पाहायचा तर त्याच्याकडे पाठ करा

२ ऑगस्ट २०२७ला महाराष्ट्रातून दुपारी उशिरा खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. दर ग्रहणाआधी फिरणारा मेसेज तेव्हाही येईल: सूर्य नीट पाहायला लाखाची दुर्बीण हवी, नसेल तर एक्स-रेच्या दोन फिल्म एकावर एक धरा, परातीत हळदीचं पाणी घ्या, नाहीतर दुर्बिणीसोबत आलेली काळी काच लावा. यातलं काहीच खरं नाही.

लाखाची गोष्ट हायड्रोजन-अल्फातल्या, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशात दिसणाऱ्या, ज्वाळांपुरती ठीक. सूर्यावरचे डाग मात्र साध्या ७×५० (७ पट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) बायनॉक्युलरने दिसतात, तेही सूर्याकडे पाठ करून. ते स्टँडवर बसवा, एका भिंगाला झाकण घाला, दुसऱ्यातून येणारा कवडसा मागच्या पांढऱ्या कागदावर घ्या. नेमकी दिशा कागदावरची सावली बघून साधायची, आत डोकावून नाही. पोरांना आधीच बजावा. आत काच तापते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी झाकण लावा.

मी वहीत ११ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून ठेवतो, बिंब त्यात बसवतो आणि डागांवर पेन्सिलीने ठिपके देतो. बिंबाच्या मध्याशी असलेला डाग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जवळजवळ सव्वा सेंटिमीटर सरकलेला असतो. सूर्य स्वतःभोवती फिरतोय, हे आपल्याच गच्चीत, आपल्याच पेन्सिलीने कळतं! फोटो हवा तर मोबाइलने त्या कागदाचाच काढा. मोबाइलमध्ये उजेड थोडा कमी केला की डाग उठून दिसतात.

एक्स-रे फिल्म उजेड अडवते, पण सगळीकडे सारखा नाही, आणि अवरक्त किरण किती आत येतात ते कळत नाही. डोळे दिपत नाहीत म्हणून माणूस बघत राहतो. दृष्टिपटल भाजलं तरी दुखत नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे. सरळ वरून पाहिलं तरी पाणी सुमारे २ टक्के उजेड परत फेकतं. चांगली सौर फिल्म, म्हणजे सूर्य पाहण्यासाठीच केलेली खास फिल्म, एक लाखातला एकच भाग आत सोडते. म्हणजे परातीतला सूर्य दोन हजार पट प्रखर.

डोळ्याकडच्या टोकाला लावायची काळी काच तर फेकूनच द्या. भिंगाने एकवटलेली उष्णता तिच्यावर पडते, ती तडकते, आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. सौर फिल्म लावायची ती दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट. दरवेळी आधी दिव्यासमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी ती बाद.