सहा तास भरणारा भाचा

माझा भाचा ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे. क्लायंटला बिल तासांवर जातं, म्हणून टीममधले सगळे टाइमशीटमध्ये रोज नऊ तास भरतात. ह्याने काम झालं तेवढेच भरले, सहा. त्या दिवसापासून त्याला कोणी चहाला हाक मारत नाही. ताई कळव्याहून फोनवर म्हणाली, "चार लोकांत राहायचं तर चार लोकांसारखं वागावं. तू जर्मनीत बसून बोलतोस, तुझं काय जातंय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आजवर घरात न सांगितलेली गोष्ट सांगतो.

2009 साली मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला होतो. एका प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मोजतंय ना या तपासणीची, तारीख उलटली होती आणि सकाळी ऑडिट होतं. साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. मी मागची तारीख टाकून सही केली. मग रजिस्टर मास्तरांकडे गेलं. आमच्यात वयाने मोठे, म्हणून मास्तर. त्यांनी पेनाला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं आणि परत सरकवलं. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं हरिश्चंद्र, आणि ते ठेवणारा मी होतो. मास्तरांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण त्या मिटलेल्या रजिस्टरात माझी सही होती.

स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ बेन्वा मोनँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. चुकीच्या कामाला नकार देणारा माणूस त्रयस्थाला आवडतो. ज्यांनी ते काम आधीच मुकाट केलेलं असतं, त्यांना मात्र तो खुपतो. भाच्याची टीम वाईट नाही, ताई. टीमने आधीच नऊ भरून टाकलेत.

आणि इकडची, जर्मनीतली माणसं धुतल्या तांदळासारखी आहेत असंही नाही. फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा 2015 मध्ये बाहेर आला तो अमेरिकेत. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत धुराच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर होतं, आणि ज्यांना माहीत होतं ते वर्षानुवर्षं गप्प होते.

तरी एक फरक मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या इथल्या कारखान्यात एका नव्या पोराने टॉर्क रेंचचं, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायच्या पान्याचं, कॅलिब्रेशन संपलंय म्हणून लाइन थांबवली. फोरमन आला, स्टिकरवरची तारीख वाचली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बरं केलंस." मग कुजबुजायला कुणाला तोंडच उरलं नाही. जुलै 2023 पासून इथे गैरप्रकार कळवणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाही आहे. किमान 50 कर्मचाऱ्यांच्या कंपनीला तक्रारीची सोय ठेवावीच लागते. आपल्या संसदेने 2014 मध्ये असा कायदा केला, तोही सरकारी कारभारापुरता, आणि वर्षानुवर्षं तो लागूच झाला नाही.

म्हणून भाच्याला समजावू नका. त्याच्या लीडने आधी स्वतःचे खरे तास भरावेत, टीमसमोर.

परवा भाच्याचा फोन आला होता. टीममधल्या एका मुलीने विचारलं म्हणे, सहा भरले तर वरून काही बोलतात का. विचारलं ते मेसेजवर.