विश्वास कमी पडतोय म्हणे!

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा एकदा नुसतं रांगेत उभं राहून बघा. तुमच्या पुढचा माणूस ख्रिस्ती असेलच असं नाही, बऱ्याचदा नसतोच. मुंबई-वसईकडून बसगाड्या भरून भाविक येतात, तशी सिडकोतली, सिन्नरची, ओझरची माणसंही येतात. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या बायका मेणबत्त्यांचं पुडकं छातीशी धरून उभ्या असतात. कुणाच्या मुलीचं जमत नाहीये, कुणाची कोर्टात तारीख आहे, कुणाला गाठ निघालीय आणि रिपोर्ट यायचाय. जो तो काहीतरी धास्ती घेऊनच आलेला असतो. आणि तिथे कुणी कुणाला विचारत नाही, की बाबा रे, तुझा विश्वास किती?

मी प्रोटेस्टंट घरातला. नवस आणि मेणबत्त्या आमच्यात नाहीत, त्यामुळे लहानपणी आम्ही या यात्रेकडे जरा नाक मुरडूनच बघायचो. बायको कॅथलिक, म्हणून आता जाणं होतं. आणि तिथे गेलं की आमच्याच लोकांबद्दलची एक गोष्ट मला डाचते. बाहेरून येणाऱ्याला देवाच्या दारात काळजी घेऊन यायची मुभा आहे. आतल्या माणसाने मात्र काळजी घरी ठेवून, इस्त्रीचे कपडे घालून, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपलं कसं भलं केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, यायचं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ग्रुपवर परवा फिरलेला एक सुविचार. जिथे विश्वास असतो तिथे चिंता नसते, असा काहीसा. खाली हात जोडलेल्यांची आणि आमेनची रांग. मला राहवलं नाही. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय. (तिथलेही बरेच जण इथे आहेत, ठाऊक आहे मला. सलाम.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी अंबडला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. मधल्या एका काळात माझं डोकं रात्री बंद व्हायचं बंद झालं. लाईट घालवला की सुरू. गेजचं कॅलिब्रेशन ड्यू आहे, कस्टमरचं ऑडिट आहे, त्या लॉटमधला एखादा पीस चुकून गेला असेल तर लाईन थांबेल, डेबिट नोट येईल, मग माझं काय, मुलांच्या फीचं काय. एवढ्यावर थांबलं असतं तर टेन्शन म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढे पुढे काही कारण नसताना छाती धडधडायला लागायची, हातापायाला मुंग्या, तोंडाला कोरड, आणि आत्ता आपण जाणार अशी खात्रीच. मध्यरात्री दवाखाना झाला, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला फुकट मिळाला. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि बजावलं की पहिले दोन-तीन आठवडे फारसा फरक जाणवणार नाही, मधेच सोडू नका.

हे कळल्यावर एका प्रार्थना ग्रुपचे प्रमुख घरी आले. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही. त्यांच्या सभांमध्ये लोक मोकळं रडतात, गळा फाडून गातात, आणि हलके होऊन घरी जातात, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात असा दाबला की मानच दुखायला लागली. हा चिंतेचा आत्मा आहे म्हणाले. तुमचा विश्वास कमी पडतोय, गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, आज रात्रीपासून बंद करा आणि रविवारी पुढे येऊन साक्ष द्या. मी गोळ्या बंद केल्या नाहीत आणि साक्षही दिली नाही. पण 'तुमचा विश्वास कमी पडतोय' हे वाक्य मनात रुतून बसलं. आधीच ज्याला आपण कुठेतरी कमी पडू म्हणून झोप येत नाही, त्याला देवाच्या दारातही तू कमी पडलास असं सांगायचं. काय म्हणावं याला? आमच्या कंपनीत याला रिजेक्शन म्हणतात, आणि तिथेसुद्धा निदान कारण लिहून द्यावं लागतं.

मग मी पवित्र शास्त्र घेऊन बसलो. भक्तीने म्हणण्यापेक्षा, खरं सांगायचं तर, भांडायच्या तयारीने. आणि जे सापडलं ते व्यासपीठावरून फारसं ऐकलेलं नव्हतं.

'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे प्रेषित पौलाचं वाक्य आमच्या निम्म्या घरांत फ्रेम करून लावलेलं आहे. ते त्याने तुरुंगातून लिहिलं, हेही सगळे सांगतात. पण हाच पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आपण सोसलेल्या हालांची यादी देतो, फटके, दगडमार, जहाज फुटणं, आणि त्या यादीच्या शेवटी सांगतो की या सगळ्यावर रोज सर्व मंडळ्यांची चिंता आहेच. ते वाक्य मी अजून कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही.

एलीया घ्या. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरवणारा संदेष्टा. पुढच्याच अध्यायात एका बाईच्या धमकीने पळत सुटतो, रानातल्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत येतो. उपदेश करतो का? विश्वासावर चार शब्द? नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो आणि उठवून खाऊ घालतो. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत परत येऊन परत खाऊ घालतो, कारण पुढची वाट तुला झेपायची नाही म्हणतो. १ राजे, अध्याय १९. रात्रपाळी करणाऱ्या नर्सच्या वहीतल्या नोंदीसारखा मजकूर आहे तो.

आणि गेथशेमाने बाग, येशूला पकडलं त्या रात्रीची, ती तर सगळ्यांनाच पाठ. प्रभू स्वतः पेत्राला, याकोबाला, योहानाला सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, जागे राहा. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. ज्याला हे झालं त्याच्या नावाने प्रार्थना करून आम्ही दुसऱ्याला सांगतो, की तुला घाम फुटतो म्हणजे तुझ्यात खोट आहे!

पण माझ्या मनातली खरी गाठ सुटली ती मार्कच्या दुसऱ्या अध्यायात. कफर्णहूमला चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात. गर्दीमुळे आत शिरता येत नाही, तर छप्पर उकरून त्याला बाजेसकट खाली सोडतात. शब्बाथशाळेत हा धडा आम्ही चित्रं रंगवून केलेला. तेव्हा एक ओळ कुणी दाखवली नव्हती: येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. निजलेल्या माणसाच्या विश्वासाबद्दल अक्षर नाही. तो काही बोललाही नाही. कदाचित त्याचा विश्वास असेल, कदाचित तो घाबरून गप्प पडला असेल. वर छप्पर उकरणाऱ्यांचा विश्वास त्याच्या खात्यावर चालला.

माझ्या बाबतीत हे छप्पर उकरण्याचं काम आमच्या मंडळीतल्या एका आत्यांनी केलं. माझ्या सख्ख्या आत्या नव्हेत, सगळेच त्यांना आत्या म्हणतात. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, फरक काही नव्हता, मी सुट्टी टाकून घरी होतो. आत्या आल्या, दिवाणावर बसल्या, बायकोच्या हातातली मेथीची जुडी आणि वर्तमानपत्र मागून घेतलं आणि निवडायला लागल्या. कसं वाटतंय, काय होतंय, काही विचारलं नाही. भाजी महाग झालीय, शरणपूर रोडला रिक्षावाला वळायला तयार होत नाही, असल्या गप्पा. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. जुडी संपली, हात झटकले आणि म्हणाल्या, चला, प्रार्थना करू. मला वाटलं, आता भलीमोठी प्रार्थना होणार आणि त्यात माझं सगळं दुखणं देवाला नावगावासकट सांगितलं जाणार. त्यांनी फक्त प्रभूची प्रार्थना म्हटली. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून आमेनपर्यंत, सावकाश, एकेका ओळीवर थांबत. मला मधे घशातून शब्द फुटेना. त्यांच्या लक्षात आलं. उठताना पदर खोचत म्हणाल्या, "तुला नाही ना जमत, राहू दे. मी म्हटलंय ना."

त्या रात्री मला गाढ झोप लागली असं लिहिलं तर पोस्टला लाईक्स वाढतील. नाही लागली. पण छाती धडधडायला लागली तेव्हा माझ्याकडे करण्यासारखं एक काम होतं. स्वतःचे शब्द शोधायचे नाहीत, विश्वास गोळा करायचा नाही, तीच प्रार्थना सावकाश म्हणायची. संपली की परत पहिल्यापासून. म्हणून माझं ठाम मत झालंय की घाबरलेल्या माणसाला उत्स्फूर्त प्रार्थनेचा आग्रह करू नये. उत्स्फूर्त काही सुचण्याची त्याची ताकदच गेलेली असते. त्याला तयार शब्द द्यावेत, शेकडो वर्षं लोकांनी वापरून गुळगुळीत झालेले.

बायकोच्या रोझरीला, मण्यांच्या माळेवर तीच प्रार्थना परत परत म्हणतात त्याला, मी पूर्वी 'काय तेच तेच' म्हणून हसायचो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या गटाचा एक अभ्यास छापून आला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधून रोझरीची प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्रही. दोन्ही वेळेला श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही त्यासोबत जुळली. मंत्राचं नाव काढलं म्हणून काही बंधू माझ्यावर रागावतील, रागावू देत. हा पुरावा श्वासाचा आहे, देवाचा नाही, आणि मी त्याला देवाचा म्हणणारही नाही. मला त्यातून एवढंच कळतं की ज्याने देह घडवला त्याला देहाची भाषा येते, आणि आपल्या आज्या-पणज्या ती न शिकता बोलत होत्या.

तयार शब्दांवरून शरणपूरचीच एक गोष्ट आठवते. नाशिककरांना शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या शाळेत शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन या आफ्रिकेत फिरणाऱ्या स्कॉटिश मिशनरी-शोधप्रवाशाच्या तांड्यात गेला. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि दफनविधीची प्रार्थना वाचली ती आपल्या शरणपूरच्या शाळेत शिकलेल्या जेकबने. मग ते सगळे महिनोन् महिने चालत मृतदेह समुद्रापर्यंत घेऊन गेले. मुलूख परका, प्रेत नेताना लोक अडवणार, म्हणून ते कापडाच्या गाठोड्यासारखं लपवून न्यावं लागलं. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा जेकब तिथे हजर होता. त्या झाडाखाली तो घाबरलेला नसेल असं मला वाटत नाही. आणि स्वतःला काही सुचेपर्यंत तो थांबला नाही, पुस्तक उघडून वाचायला लागला.

हा वारसा आपल्या गावचा आहे. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचा आहे, रेव्हरंड टिळकांच्या गीतांचा आहे, जी आजही पेटी-तबल्यावर मंडळीला पुस्तक न उघडता म्हणता येतात. एवढं सगळं घरात असताना आपण घाबरलेल्या माणसाला मोबाईलवरचे फुलांचे सुविचार पाठवतो!

पाळकसाहेबांना माझी जाहीर विनंती आहे. एखाद्या रविवारी स्तोत्र ८८ वाचा. सगळं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी 'तरीपण' नाही, स्तुती नाही. तरी ते शास्त्रात आहे, म्हणजे देवाला ते चाललं. त्यावर उपदेश नको, नुसतं वाचा आणि बसा. आणि साक्षीच्या वेळेत ज्याचं अजून काही बरं झालेलं नाही त्यालाही उभं राहून बोलू द्या. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत, डोस कमी झालाय, ऑडिटच्या आठवड्यात रात्री अजून जाग येते. तरी मी शांत आहे असं सांगितलं तर लोकांना विसंगत वाटतं. मला नाही वाटत. घाबरलो तरी मी एकटा नाही एवढं मला कळलंय, आणि मला ते पुरतं.

ज्यांना रात्री हे होतं त्यांनी डॉक्टर गाठा. लगेच जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. तिथे बोलून झाल्यावर मलाही मेसेज करा, मी उपदेश करणार नाही. फार तर प्रभूची प्रार्थना म्हणेन, तुमच्या वाटची.

आणि कमेंटमध्ये 'गोळ्या सोडा, विश्वास धरा' लिहायला ज्यांची बोटं शिवशिवताहेत, त्यांनी आधी कलस्सैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय उघडून लूक पोटापाण्यासाठी काय करायचा ते बघून यावं. वैद्य होता तो.