टॉप दोन टक्क्यांत यायचं असेल तर

परवा तालुक्याच्या एका कॉलेजच्या गेटावर मोठ्ठा फ्लेक्स लागला: ‘जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मधे सर कोट घालून, वर तीन नेते, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात एक रेतीघाटवाले. सरांचा विषय इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराचं शास्त्र. आपलाही असा फ्लेक्स लागावा असं ज्यांना वाटलं असेल त्यांच्यासाठी, राजेहो, हे मार्गदर्शन. फी नाही.

आधी यादी समजून घ्या. ती स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या आकड्यांवरून काढतात. एकूण सायटेशन (आपले पेपर किती वेळा उद्धृत झाले), एच इंडेक्स (तो काय ते पुढे येतंच), सहलेखकांच्या गर्दीप्रमाणे घटवलेला एच, आणि एकटे, पहिले किंवा शेवटचे लेखक म्हणून मिळालेली सायटेशनं, असे सहा आकडे मिळून एक सी-स्कोर होतो. निवड समिती नाही, मुलाखत नाही, कुणी बोलावत नाही. ‘निवड’ हा शब्द फ्लेक्सवाल्याचा. स्वतःच स्वतःला किती टक्के उद्धृत केलं याचाही रकाना त्या यादीत आहे. तो फ्लेक्सवर मावत नाही.

आता कामाला लागा. समजा, हत्तीपायावर प्रोजेक्ट मंजूर झालं आणि साठ जणांचं रक्त मिळालं. बावळट माणूस यावर एक पेपर लिहील. तुम्ही खांडोळी करा. आयएल-१० (पेशींचा एक निरोप्या रेणू, म्हणजे सायटोकाइन) चा एक पेपर, आयजीजी-४ (एक अँटिबॉडी) चा दुसरा, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या टक्केवारीचा तिसरा, पुरुषांचा चौथा, बायकांचा पाचवा, पहिल्या पाचांचा गोषवारा सहावा. आणखी हवेत? मग वीस सायटोकाइन मोजा. पी ०.०५ ची, म्हणजे वीसात एक वेळा योगायोग चालवून घेणारी, चाळणी लावली की मुळात काही फरक नसला तरी वीसात सरासरी एक हाती लागतोच. तोच छापा. बाकी एकोणीस मोजले होते हे सांगत बसू नका. सगळे आकडे एकाच पेपरात टाकले तर कुणीतरी इतक्या चाचण्या केल्या म्हणून चाळणी बारीक करायला सांगतं. वेगवेगळ्या जर्नलांत टाकले की सांगणारा उरत नाही.

मग एच वाढवायचा. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये हे माप काढलं: दहा पेपरना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील तर एच दहा. तुमचा नऊवर अडलाय? गूगल स्कॉलरवर आपली यादी सायटेशनप्रमाणे लावा, आठ-नऊवर लटकलेले पेपर हेरा आणि पुढच्या लेखाच्या प्रस्तावनेत फक्त तेच कोंबा. ज्याला आधीच चाळीस मिळालीत त्याला एकेचाळिसावं देणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणं.

रिव्ह्यू लिहा, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांचा आढावा. रक्त लागत नाही, फ्रीझर लागत नाही, वीज गेली तरी चालतं, आणि सायटेशन मूळ संशोधनापेक्षा जास्त मिळतात.

दुसऱ्याचा पेपर तपासायला आला की ‘खालील सात संदर्भ जोडावेत’ एवढंच लिहा. सातही तुमचे.

एलायझा (रक्तातली अँटिबॉडी-प्रथिनं रंगावरून मोजायची चाचणी) वाचणाऱ्या रीडर मशीनची किल्ली आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवा. त्या मशीनवर जो जो प्लेट वाचेल त्याच्या प्रत्येक पेपरात तुमचं नाव आपोआप येतं.

एखादी नवी पद्धत शोधलीत तर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होते. लॉरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर विज्ञानात सर्वाधिक उद्धृत झालेला आहे. मॉसमन यांनी १९८३ मध्ये जिवंत पेशी रंगानं मोजायची एमटीटी पद्धत दिली, ती आजही गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये चालते. पण त्यात मेहनत आहे. सोडा.

जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर बघा, पण तो काय असतो हे विचारू नका. मागच्या दोन वर्षांत जर्नलनं छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशनं, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्यालायक लेख. संपादकीयं आणि पत्रं खालच्या आकड्यात धरत नाहीत. त्यांना मिळालेली सायटेशनं वरच्या आकड्यात धरतात. युजीन गार्फिल्ड यांनी हे माप सूचीत कोणती जर्नल घ्यायची ते ठरवायला काढलं होतं, माणसं मोजायला नाही. दोन-चार पेपर धो धो उद्धृत होतात, त्यावर सरासरी फुगते आणि बाकीचे तिच्या सावलीत बसतात. खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीचा, वर्षातून एकदा येतो. पण ‘ग्रीटिंग्स ऑफ द डे’ अशी सुरुवात करून तुम्हाला ‘एमिनंट’ म्हणणाऱ्या ईमेलमधला आकडा नेहमी जास्त असतो, तोच धरा. डॉलर भरा, चार दिवसांत छापून येतं. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, आता मैदान मोकळं.

रक्त कोण आणतं, या भानगडीत पडू नका. हत्तीपायाच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास बोटाच्या रक्तात उतरतात. म्हणून कुणाला तरी रात्री गावात जावं लागतं, झोपलेल्या माणसाला उठवून टॉर्चच्या उजेडात सुई टोचावी लागते, वरून त्याच्या सासूच्या शिव्या खाव्या लागतात. पेशी हव्या असतील तर हेपरिनच्या नळीत शिरेचं रक्त घ्यायचं, बर्फात ठेवायचं नाही, जीपच्या बॉनेटशेजारीही नाही, आणि जमेल तितक्या लवकर लॅबला पोचवायचं. फायकॉल या पेशी वेगळ्या करणाऱ्या जड द्रावावर हळूच रक्ताचा थर सोडायचा, थेंब थेंब. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं: ४०० जी (गुरुत्वाच्या चारशे पट), तीस मिनिटं, ब्रेक बंद. झोपेच्या भरात ब्रेक चालू राहिला तर हव्या त्या पेशींची मधली पांढरी कडी फुटते आणि रात्र वाया. फायकॉल फ्रीजमधून काढून थंडच वापरलं तर कडी नीट बसत नाही. रक्त दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर न्यूट्रोफिल या नको असलेल्या पांढऱ्या पेशी हलक्या होऊन त्याच कडीत घुसतात, आणि मग तुमच्या टी पेशींच्या टक्केवारीला अर्थ नसतो. फॉक्सपी-३, म्हणजे नियामक टी पेशींची आतली खूण, रंगवायला पेशीला भोकं पाडावी लागतात. माणसाच्या चेतवलेल्या साध्या टी पेशीही तो थोडा वेळ दाखवतात, म्हणून सीडी-१२७ ही पेशीवरची दुसरी खूण सोबत लावावी लागते. हे सगळं पहाटे तीन वाजता कोण करतं? कंत्राटावरची टेक्निशियन पोरगी, जिचं मानधन चार महिने अडकलंय. तिचं नाव कुठे येतं? ‘आभार’ मध्ये. तेही चुकीच्या स्पेलिंगनं! आणि ज्यांनी ती कडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही ते शेवटचे लेखक, करस्पाँडिंग, टॉप दोन टक्के!

बरं, त्या नियामक टी पेशी आल्या कुठून? १९९५ मध्ये जपानचे शिमोन साकागुची यांनी सीडी-२५ ही खूण असलेल्या या टी पेशींचा पेपर छापला तेव्हा दाबणाऱ्या टी पेशींचं नाव काढलं की लोक तोंड फिरवायचे, तो विषय बदनाम झाला होता. पेपर छापला ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त, ज्याचा इम्पॅक्ट फॅक्टर आज पाचच्या आत आहे. २०२५ चं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड राम्सडेल यांच्यासोबत मिळालं. आपल्याकडच्या प्रमोशनच्या फॉर्मवर त्या जर्नलला किती गुण मिळाले असते, हिशेब करा.

इथं वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत हत्तीपायाचे रुग्ण आहेत. सेवाग्रामला डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या गटानं याच आजाराच्या निदानासाठी वर्षानुवर्षं अँटिजेन (जंताची ओळख पटवणारी प्रथिनं) आणि एलायझावर काम केलं. लाज वाटत नाही? साठ माणसांचं रक्त घेतलं, त्याचे सहा पेपर केले, सहाही एकमेकांना उद्धृत करतात, आणि ज्यांच्या स्लाइडवर जंत दिसले त्यांना कुणी परत जाऊन सांगितलं का? डीईसी हे जंतावरचं औषध, वजनाच्या किलोमागे रोज सहा मिलीग्रॅम, बारा दिवस. एवढंच द्यायचं होतं. गावाचं नाव, घर नंबर, वजन, सगळं रजिस्टरात आहे. ते रजिस्टर तुमच्याच आलमारीत आहे, एलायझाच्या किल्लीजवळ. तो फ्लेक्स आजच उतरवा, सोयाबीनच्या गंजीवर झाकायला कुणी ना कुणी घेऊन जाईल. आणि उद्या सकाळी त्या पोरीला रजिस्टर, गोळ्या आणि गाडीचं डिझेल द्या. मानधनही.