पुढं पळणारं घड्याळ

2023 च्या अधिक श्रावणात सासऱ्यांनी धोंड्याला अनारशासोबत घड्याळ दिलं. स्विस, ऑटोमॅटिक, सेल नाही काही नाही, हात हलला की आपोआप चावी भरती. किंमत सांगत नाही, पण तेवढ्यात चांगली दुभती म्हैस आली असती. वॉरंटी तीन वर्षाची. आता 2026 चा अधिक ज्येष्ठ तोंडावर आला, म्हणजे परत धोंडा, परत सासरवाडी, आणि घड्याळ रोज पाच-पाच मिनिटं पुढं पळायलंय. बरं, ह्या जातीच्या घड्याळाला दिवसाला काही सेकंद इकडंतिकडं माफ असतात, मिनिटं नाही.

पुढं पळणाऱ्या घड्याळाचा लातुरात उपयोग काय? 12.35 चं लग्न सव्वादोनला लागतं. हे घालून गेलं की मांडववाल्याला खुर्च्या मांडू लागावं लागतं.

गंजगोलाईतल्या घड्याळवाल्यानं भिंगातून बघितलं, हात काही लावला नाही. "साहेब, मी झाकण उघडलं की वॉरंटी गेली समजा. पुण्याला न्या."

पुण्याला न्यायचं तर वॉरंटी कार्ड पायजे, आणि कार्ड सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फाईलीत. म्हणजे ज्यांना कळू द्यायचं नव्हतं त्यांनाच फोन.

"जावईबापू, बंद पडलं का?"

"नाही मामा, पुढं पळायलंय."

"मग चांगलंय की. बंद पडल्यावर बगू."

शेवटी सासूबाईंनी गुपचूप कार्ड काढून दिलं. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली, घड्याळ मोज्यात, मोजा भाकरीच्या डब्याखाली, आणि मी रात्रभर त्या पिशवीला मिठी मारून जागा.

सर्व्हिस सेंटरात एसी एवढा की बोलताना दात वाजायलेत. हातमोजे घातलेल्या पोरीनं विचारलं, "सर, वॉच पाण्यात वापरता का? 300 मीटरपर्यंत चालतं." 300 मीटर म्हणजे हजार फूट. ताई, 2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, हजार फुटाला आमच्या बोअरला पाणी लागत नाही, घड्याळाला कुठून लागणार?

मग तिनं ते मशीनवर ठेवून निदान केलं: मॅग्नेटाइज झालंय. आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असती, तिचे वेढे लोहचुंबकानं एकमेकाला चिकटले की घड्याळ पळत सुटतं. मोबाईलचं कव्हर, स्पीकर, बायकोच्या पर्सचं बटण, कशानंही होतं म्हणे. आता लोहचुंबक नसलेलं घर दाखवा मला! आणि हे वॉरंटीत बसत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, घराचा. माझ्या पोटात गोळा. तिनं एका डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं, उचललं. झालं म्हणाली. पैसे? नाही घेतले.

बाहेर येऊन मामांना आनंदानं फोन लावला.

"किती घेतले?"

"काहीच नाही."

"काईच नाही घेतले म्हंजे काईच केलं नाही. एवढ्या लांब गेलाव तर परत आत जा, वॉरंटी हाय तवर कायतरी बदलून घ्या."